खेळ, पडदा आणि मनाचा तोल

बेहाल्यातील संध्याकाळ

कोलकाता शहराच्या नैऋत्य अंगास, डायमंड हार्बर मार्गाच्या दोहो बाजूंस बेहाला हा दाट वस्तीचा विभाग पसरलेला आहे. तारातला, पर्णश्री, चौरस्ता, सखेरबाजार, ठाकुरपुकुर ही त्यातील परिचित ठिकाणे होत. डिसेंबर २०२२ पासून या मार्गावरील उंच पुलावरून मेट्रो गाडी धावू लागली आहे. परंतु मार्गापासून आत वळणाऱ्या गल्ल्यांचे जीवन अद्याप पुष्कळसे जुन्या वळणाचे आहे. येथील वस्ती 'पाड्यां'त विभागलेली असते. मराठीत पाडा म्हटले की डोंगरकपारीतील आदिवासींची वस्ती डोळ्यांपुढे येते. बंगाली पाडा म्हणजे आपल्याकडील आळी किंवा पेठ. पाड्याचा बहुधा एक क्लब असतो, क्लबात कॅरमचा फळा असतो, आणि घरांच्या ओट्यांवर संध्याकाळी गप्पांचे अड्डे भरतात. भारतीय क्रिकेट संघाचा माजी कर्णधार सौरव गांगुली हा याच भागातला. तेव्हा गल्लीत चेंडूफळीचा गलबला असणे ओघानेच आले.

शाळकरी मुलाची संध्याकाळ मात्र अड्ड्यावर थोडी आणि शिकवण्यांत फार जाते. दहावीची 'माध्यमिक' आणि बारावीची 'उच्च माध्यमिक' या दोन परीक्षांची छाया घरावर वर्षानुवर्षे असते. एका शिकवणीहून दुसऱ्या शिकवणीस जाणारी, पाठीवर दप्तर घेतलेली मुले हे बेहाल्यातील रोजचे दृश्य होय.

२०२० सालच्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे पश्चिम बंगालमधील शाळा बंद झाल्या. वरचे वर्ग मध्यंतरी दोनदा उघडले व दोनदा पुन्हा बंद झाले. प्राथमिक वर्ग तर १६ फेब्रुवारी २०२२ पर्यंत शाळेत भरलेच नाहीत. शिक्षण फोनच्या पडद्यावर आले. २०२१ च्या आरंभी राज्य सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतील बारावीच्या विद्यार्थ्यांस टॅब्लेट किंवा फोन घेण्यासाठी प्रत्येकी १०,००० रुपये दिले. ज्या घरी एकच फोन होता, तेथे तो वडिलांच्या खिशातून मुलाच्या हाती गेला. अभ्यासाच्या निमित्ताने हाती आलेल्या त्या यंत्रातच खेळही होते, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही असे नव्हे. परंतु दुसरा उपायही नव्हता.

शाळा पुन्हा सुरू झाल्या, तरी 'मूल फोन खाली ठेवीत नाही' ही तक्रार राहिली. ती केवळ बेहाल्याची नाही. सांगली, नागपूर, सिंगापूर, सोल येथील आईबापही तीच करतात. तिचा विचार करताना सहसा खेळाकडे बोट दाखविले जाते. खेळ मोहक असतात यात शंका नाही. पण तोच खेळ तीच दहा मुले खेळतात, आणि त्यांपैकी नऊ जण जेवणाची हाक आली की कुरकुरत का होईना उठतात, एकच उठत नाही, याचा उलगडा केवळ खेळाच्या मोहकपणाने होत नाही. त्या एकाने फोन उचलला त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले होते, तिकडे पाहावे लागते.

विकार कशास म्हणावे

पुष्कळ वेळ खेळणे म्हणजे विकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग विकार' या नोंदीस स्थान दिले. ही आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत या विकाराची तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळावर ताबा राहत नाही. जीवनातील इतर गोष्टी व नित्याची कामे मागे पडून खेळ सर्वांत पुढे येतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो. शिवाय यामुळे घर, शाळा, मैत्री, काम यांची गंभीर हानी झालेली असावी लागते, आणि ही स्थिती साधारणतः बारा महिने टिकलेली असावी लागते. या व्याख्येत तासांचा आकडा कोठेही नाही. पैसे लावून खेळण्याचा जुगार हा त्याच वर्गीकरणात निराळा विकार मानला आहे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैशाच्या खेळांना बंदी केली, ती मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नासंबंधी होती. प्रस्तुत लेखाचा विषय पहिला आहे.

असे रुग्ण किती? मोजण्याची पट्टी बदलली की उत्तर बदलते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व जर्मनी या देशांतील सुमारे १९,००० प्रौढांच्या चार पाहण्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत खेळणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोकांत एकही लक्षण आढळले नाही, आणि कडक कसोटीस उतरणारे लोक शेकडा ०.३ ते १ एवढेच निघाले. उलट सिंगापूरमधील ३,०३४ शाळकरी मुलांची दोन वर्षे पाहणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण शेकडा ९ च्या आसपास होते. तेथे कसोटी निराळी होती आणि वयही निराळे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये काढलेला अंदाज शेकडा २ ते ३ असा येतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात एखादे मूल. ही संख्या घबराट उडविण्याइतकी मोठी नाही. पण ज्या घरात ते मूल आहे त्या घरास शेकडेवारीचा काय उपयोग?

भावना सावरणे म्हणजे काय

राग, भय, लाज, कंटाळा, दुःख या भावना मनात उठतात त्या माणसाच्या इच्छेने नव्हेत. परंतु उठलेल्या भावनेचे पुढे काय करावयाचे, ती वाढू द्यावयाची की शमवावयाची, दाखवावयाची की झाकावयाची, हे काही अंशी माणसाच्या हाती असते. या हाती असलेल्या भागास मानसशास्त्रात 'भावनांचे नियमन' म्हणतात. कोलकात्यास हा विषय नवा नाही. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, तो भारतातील पहिला होय. आणि गिरींद्रशेखर बसू यांनी १९२२ साली उत्तर कोलकात्यातील आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण समितीची स्थापना केली. व्हिएन्नात राहणाऱ्या फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. माणूस नकोशा भावनेस कशी बगल देतो, या प्रश्नाचा ऊहापोह या शहरात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

अलीकडच्या काळात जेम्स ग्रॉस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये या नियमनाची एक सोपी मांडणी केली, आणि तीच आज बहुतेक अभ्यासांचा पाया आहे. त्याच्या मते भावनेच्या वाटेवर पाच ठिकाणी हस्तक्षेप करता येतो. गणितात नापास होण्याचे भय वाटणारा विद्यार्थी घ्या. गणिताच्या शिकवणीस तो जातच नाही, म्हणजे प्रसंगच टाळतो. किंवा जातो, पण समजावून सांगणाऱ्या मित्राशेजारी बसतो, म्हणजे प्रसंग बदलून घेतो. किंवा वर्गात बसून खिडकीबाहेर पाहतो, म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवितो. किंवा 'एक चाचणी म्हणजे काही साऱ्या जन्माचा निकाल नव्हे' असे स्वतःस सांगतो, म्हणजे प्रसंगाचा अर्थ नव्याने लावतो. आणि यांपैकी काहीच न साधल्यास, पोटात गोळा आला असताही चेहरा कोरा ठेवतो, म्हणजे उठलेली भावना दडपतो.

यांत चांगला मार्ग कोणता, असे विचारल्यास घाईचे उत्तर 'अर्थ नव्याने लावणे' असे येईल. पुष्कळ प्रयोगांत तसे आढळलेही आहे. अर्थ बदलल्याने भावना मुळातच सौम्य होते. दडपल्याने चेहरा शांत दिसतो, पण आतील खळबळ कमी होत नाही. तैवानमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गेमिंग विकार असलेले तरुण नव्याने अर्थ लावण्याचा मार्ग कमी आणि दडपण्याचा मार्ग जास्त वापरतात असे दिसून आले. तरीही एवढ्यावर थांबणे बरोबर होणार नाही. गाल शेप्स, ग्रॉस व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये दाखविले की, भावना मंद असेल तेव्हा लोक अर्थ बदलण्याचा मार्ग धरतात, पण ती तीव्र असेल तेव्हा लक्ष दुसरीकडे वळविण्याचा मार्ग निवडतात. हे स्वाभाविकच आहे. घरास आग लागली असता कोणी आगीच्या कारणांची मीमांसा करीत बसत नाही.

लक्ष वळविण्याचे साधन म्हणून पडद्यावरील खेळ हे फार समर्थ आहेत. 'टेट्रिस' हा रंगीत ठोकळे रचण्याचा खेळ अलेक्सी पाजित्नोव्ह याने १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला. पुढे २००९ साली ऑक्सफर्ड येथे एमिली होम्स व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांस अपघात-मृत्यूची भीषण दृश्ये असलेला चित्रपट दाखवून, त्यांपैकी काहींस अर्ध्या तासानंतर टेट्रिस खेळावयास दिले. त्या लोकांना पुढील आठवड्यात ती दृश्ये अवचित आठवण्याचे प्रसंग इतरांपेक्षा कमी आले. ठोकळे फिरविण्यात गुंतलेल्या मनास भीषण चित्र घट्ट पकडून ठेवण्यास जागा उरली नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे जो खेळ एका मुलास बुडवितो म्हणून दूषणे दिली जातात, त्याच जातीचा खेळ दुसऱ्या प्रसंगी औषधासारखा उपयोगी पडतो.

मग घोटाळा कोठे होतो? लक्ष वळविणे हा तात्पुरता उपाय आहे. भावनेचा जोर ओसरला की माणसाने मूळ प्रसंगाकडे परत यावे लागते: राहिलेले गणित सोडवावे लागते, रुसलेल्या मित्राशी बोलावे लागते, मृत आजीसाठी रडावे लागते. खेळामुळे जोर ओसरला आणि मूल परत आले, तर खेळाने आपले काम चोख केले. मूल परत आलेच नाही, तर प्रसंग जागच्या जागी राहतो आणि बहुधा वाढतो.

येथे बेहाल्याचेच एक निराळे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. २०२० च्या टाळेबंदीत शेकडो मैल चालत घरी परतणाऱ्या मजुरांची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली होती. त्या वर्षीच्या दुर्गापूजेत येथील बडिशा क्लबाने देवीची मूर्ती मुलास कडेवर घेऊन निघालेल्या स्थलांतरित मजूर आईच्या रूपात उभी केली, आणि ती देशभर गाजली. तेही भावनेचे नियमनच होते. परंतु त्यात दुःखाकडे पाठ फिरविलेली नव्हती. पुष्कळांनी मिळून त्यास आकार दिला होता. मंडपासाठी बांबू बांधणाऱ्या, वर्गणीचा हिशेब लिहिणाऱ्या मुलास भावना सावरण्याचे शिक्षण कळत नकळत मिळत असते. ज्या वर्षी शाळा, मैदान व क्लब यांची दारे एकदम लागली, त्या वर्षी हे सारे शिक्षकही दूर गेले आणि अनेक मुलांच्या हाती भावना सावरण्याचे एकच साधन उरले.

एका मुलाचे उदाहरण

चक्र कसे फिरते हे समजण्यासाठी पर्णश्रीतील नववीच्या एका काल्पनिक मुलाची संध्याकाळ पाहू. गणिताच्या चाचणीत त्यास पंचवीसपैकी सात गुण मिळाले. शिकवणीत सरांनी वही सर्वांसमोर उंच धरली. तो घरी आला. आई स्वयंपाकघरात, आजी दूरदर्शन मालिकेपुढे. 'काय झाले रे, बाबू?' असे आईने आतूनच विचारले. 'काही नाही' असे त्याने उत्तर दिले आणि दार लावून घेतले. त्यास नेमके काय होत होते, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. लाज होती, राग होता, वडील आल्यावर काय होईल याचे भय होते. पण त्या साऱ्याचे त्याच्याजवळ एकच नाव होते: 'कसेतरी होतेय'.

हे लहानसे वाक्य महत्त्वाचे आहे. स्वतःच्या भावनेस नाव देता न येणे आणि खेळाच्या आहारी जाणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. ज्यास नाव नाही त्याविषयी कोणाशी बोलता येत नाही, आणि त्याचा अर्थही बदलता येत नाही. त्यापासून दूर पळणे तेवढे शक्य असते.

मुलाने फोन उचलला. खेळ असा की, शंभर खेळाडू हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात. सुरक्षित जागेचे वर्तुळ लहान लहान होत जाते. शेवटी उरेल तो विजयी. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील कंपनीने काढलेल्या आणि २०१८ मध्ये फोनवर आलेल्या 'पबजी' खेळाची हीच रचना होती. भारत सरकारने तो २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ अ‍ॅपांसह बंद केला, तेव्हा मुले त्याच धाटणीच्या इतर खेळांकडे वळली. या रचनेत गणिताच्या शिकवणीत नसलेले सर्व काही आहे. काय करावयाचे ते स्पष्ट असते. केलेल्या कृतीचे फळ क्षणार्धात कळते. हरल्यास कोणी वही उंच धरीत नाही. एक कळ दाबली की नवा डाव. कानात तीन सवंगड्यांचे आवाज असतात आणि त्यांना त्याची गरज असते. डोळे, कान, हात व विचार हे सारे एकदम गुंतल्याने 'कसेतरी होतेय' यास शिरकाव करावयास फट राहत नाही. दहा मिनिटांत पोटातील गोळा विरघळतो.

या विरघळण्यातच सवयीचे बीज आहे. एखाद्या कृतीने सुख मिळाले तर ती पुन्हा केली जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण एखाद्या कृतीने दुःख थांबले तरीही ती तितक्याच जोराने पुन्हा केली जाते. मानसशास्त्रज्ञ यास 'ऋण प्रबलन' म्हणतात. खाज सुटलेल्या जागी हात आपोआप जातो, तो सुखाच्या लोभाने नव्हे, चुणचुण थांबते म्हणून. आणि खाजविल्याने कातडी सोलवटून खाज आणखी वाढते. खेळात सुखाचाही भाग असतोच. १९९८ साली लंडनमध्ये आठ पुरुषांच्या मेंदूचे चित्रण केले असता, रणगाड्याचा खेळ खेळताना मेंदूच्या अंतर्भागात डोपामिन हे द्रव्य अधिक स्रवते असे दिसले. मात्र 'डोपामिन वाढते, म्हणून खेळ हे मादक द्रव्य' असा जो निष्कर्ष वर्तमानपत्रांतून वारंवार काढला जातो, तो उथळ आहे. चविष्ट जेवणाने किंवा आवडत्या गाण्यानेही ही यंत्रणा हलते. विकार होतो तो डोपामिन स्रवल्याने नव्हे, तर दुसरी सर्व दारे बंद झाल्याने.

रात्री दहा वाजता मुलाने फोन ठेवला तेव्हा गणित तसेच होते, आईशी बोलणे राहिले होते, आणि आता 'तीन तास वाया घालविले' ही नवी लाज जुन्या लाजेत मिसळली होती. रात्री उशिरा झोप, सकाळी चिडचिड, दुसऱ्या दिवशी शिकवणीस जाणे अधिक जड. झोप कमी झाली की भावना सावरण्याची शक्तीही कमी होते. संध्याकाळी फोनकडे हात जाण्याचे कारण कालच्यापेक्षा मोठे झालेले असते. असे एकदा झाले तर काही बिघडत नाही. असे वर्षभर झाले, तर चौदा ते पंधरा या वयात ज्या गोष्टी चुकत-माकत शिकावयाच्या, म्हणजे अपमान गिळणे, मदत मागणे, भांडण मिटविणे, त्या शिकावयाच्याच राहून जातात.

आधी बीज की आधी वृक्ष

भावना सावरता येत नाहीत म्हणून मूल खेळात बुडते, की खेळात बुडाल्याने भावना सावरणे जमेनासे होते? बहुतेक पाहण्या एकाच वेळी प्रश्नावली भरून घेतलेल्या आहेत. त्यांवरून दोन गोष्टी सोबत असतात एवढेच कळते. अनेक वर्षे चाललेले अभ्यास थोडे आहेत. सिंगापूरच्या अभ्यासात उतावळा स्वभाव आणि लोकांत मिसळण्याचे कौशल्य कमी असणे या गोष्टी आधी होत्या, त्रास मागून आला. पण त्याच अभ्यासात नैराश्य, चिंता व लोकांचे भय ही खेळाच्या आहारी गेल्यानंतर वाढलेली दिसली आणि आहारातून सुटलेल्या मुलांत ती कमी झाली. तेव्हा बाण दोन्ही दिशांनी जातो असे मानणे सध्या अधिक सुरक्षित होय.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुचविलेल्या नऊ कसोट्यांत 'नकोशी मनःस्थिती घालविण्यासाठी खेळणे' ही एक कसोटी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तीन लक्षणांत ती नाही. कारण उघड आहे. दिवसभराचा शीण घालविण्यासाठी खेळणारे असंख्य लोक अगदी निरोगी असतात. मन हलके करण्यासाठी खेळणे हा रोगाचा पुरावा नव्हे. मात्र रोग झालाच असेल, तर तो कोणत्या वाटेने आला याचा तो पुष्कळदा धागा असतो. शिक्षकांनी हा भेद अवश्य ध्यानी ठेवावा, नाहीतर संध्याकाळी अर्धा तास लुडो खेळणारा मुलगाही रोगी ठरावयाचा.

उपाय

सरकारांस सुचणारा पहिला उपाय म्हणजे घड्याळ. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो रद्द करण्याचे ठरविले. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांच्या खेळण्याच्या वेळेवर मर्यादा घातली आणि २०२१ मध्ये ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढ्यावर आणली. २०१९ च्या मर्यादेनंतरच्या प्रचंड माहितीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिरेकी खेळणे घटल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यात मिळाला नाही. घड्याळाने दार लावता येते; ज्या कारणासाठी मूल त्या दाराकडे धावते ते कारण घड्याळास दिसत नाही.

याहून निराळा प्रयोग महाराष्ट्रात झाला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. साथीच्या काळात मुलांस फोनची सवय लागली आणि शाळा उघडल्यावरही अभ्यासात मन लागेना, म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने एक ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की घरोघर दूरदर्शन संच व फोन बंद करावयाचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास-वाचन करावयाचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावयाचे. वरवर पाहता हेही घड्याळच. पण यात दोन गोष्टी अधिक आहेत. फोन केवळ मुलाचा नव्हे, बापाचाही बंद होतो. आणि ते दीड तास रिकामे नसतात. त्यांत माणसे असतात. ग्रॉसच्या भाषेत हे प्रसंगच बदलून घेणे झाले. पर्णश्रीतील त्या मुलाची आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याच्याजवळ बसली असती, तर 'काही नाही' या उत्तरानंतर दुसरे वाक्य कदाचित आले असते.

विकार जडलाच असेल, तर उपचार उपलब्ध आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र काढले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. विचार व वर्तन यांवर आधारलेल्या उपचाराची जर्मनी व ऑस्ट्रियात काटेकोर परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक खेळ व इंटरनेट यांच्या आहारी गेलेले १४३ पुरुष तीत होते. पंधरा आठवड्यांचा उपचार घेतलेल्या ७२ जणांपैकी ५० जण बरे झाले. केवळ प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या ७१ जणांपैकी १७. हा फरक मोठा आहे.

अशा उपचारात रुग्णास पहिल्याच दिवशी खेळ सोडावयास लावण्याची घाई केली जात नाही. त्यास एक वही दिली जाते. खेळावयास बसण्यापूर्वी काय घडले, मनात व शरीरात काय वाटत होते, खेळल्यानंतर काय वाटले आणि मूळ गोष्टीचे पुढे काय झाले, हे तो रोज चार ओळींत लिहितो. पहिल्या आठवड्यातील नोंदी बहुधा 'कंटाळा आला' अशा एकाच शब्दात संपतात. हळूहळू त्या एका शब्दाच्या जागी निरनिराळे शब्द येतात: अपमान, एकटेपणा, भूक, बाबांची भीती, नुसती झोप. शब्द निराळे झाले की उपायही निराळे सुचतात. भुकेस मुढी-चणे पुरतात. अपमानास कोणाशी तरी बोलावे लागते. गणिताच्या भीतीस गणितच लागते, परंतु एकावेळी तीन उदाहरणे, तीस नव्हेत. अंग घामाघूम करणारा मैदानी खेळ हा राग उतरविण्याचा जुना व स्वस्त मार्ग आहे, आणि बेहाल्याच्या क्लबांत तो अद्याप मिळतो. पडद्यावरील खेळास या वहीत मज्जाव नसतो. उपचार पुढे सरकतो तसा तो अनेक उपायांपैकी एक होतो.

ही वही शाळेतही ठेवता येईल. वर्गशिक्षकाने ती तपासावयाची नसते, गुण द्यावयाचे नसतात, आणि पालकसभेत वाचून तर मुळीच दाखवावयाची नसते. तसे एकदा झाले की पुढील नोंदी खोट्या येऊ लागतात. मूल शाळेस जाईनासे झाले, झोप व जेवण पार विसकटले, फोन काढून घेताच ते स्वतःस किंवा इतरांस इजा करू लागले, अथवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर वहीवर न थांबता डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे. ही सेवा रात्रंदिवस व विनामूल्य चालते, आणि तिच्यावर बंगालीतून तसेच मराठीतूनही बोलता येते.